चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि शिकवण्याआधीचं काम

१९८० पासून पुढची दहा वर्षं बांगलादेशातल्या खेड्यांत तरुण स्त्रियांचे गट घरोघर फिरत होते. 'ब्रॅक' या संस्थेच्या त्या कार्यकर्त्या. जुलाब झालेल्या बाळाच्या अंगातून गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणारं द्रावण घरच्या घरी कसं करायचं, एवढं एकच काम त्या प्रत्येक घरातल्या आईला शिकवायच्या. तीन बोटांच्या चिमटीत येईल एवढं मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. घरात तराजू नाही, मोजपात्र नाही, वाचता येणाऱ्या आया थोड्या. मीठ जास्त पडलं तर बाळाला अपाय. पत्रकं छापून वाटणं किंवा गावात सभा घेऊन भाषण ठोकणं कितीतरी सोपं होतं. त्यांनी वेगळी वाट धरली. कार्यकर्ती अंगणात बसायची, द्रावण करून दाखवायची आणि मग आईच्या हातून करून घ्यायची. घरातल्याच एखाद्या भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून द्यायची. लक्षात ठेवायचे मुद्दे मोजकेच, तेही आईच्या तोंडून वदवून घ्यायची.

काही आठवड्यांनी तपासणीला वेगळीच माणसं यायची. निवडक घरी जाऊन ती आईला ते मुद्दे विचारायची, द्रावण करायला सांगायची आणि त्याचा नमुना तपासायला न्यायची. आईला जितकं आलं, त्यावर तिला शिकवणाऱ्या कार्यकर्तीचा मोबदला ठरायचा. ती किती घरं फिरली किंवा किती वेळ बोलली, यावर नव्हे. शिक्षणाच्या व्यवहारात मला ठाऊक असलेला हा सर्वांत धाडसी निर्णय आहे. दहा वर्षांत एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत हे शिक्षण पोचलं. (आज आपल्याकडे ओआरएसची पुडी सहज मिळते. तीच आणावी आणि पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात, पूर्ण विरघळवावी. मिठाचा अंदाज चुकण्याची जोखीम त्यात उरत नाही.)

ही व्यवस्था ज्यांनी आखली त्यांना तेव्हा कुणी 'इन्स्ट्रक्शनल डिझायनर' म्हटलं नसेल, पण काम नेमकं तेच होतं. काय शिकवायचं, त्यातलं काय गाळायचं, शिकणाऱ्याच्या घरात कुठली भांडी आहेत, तो कुठे चुकेल, चुकला तर कळणार कसं, हे सगळं शिकवण्याच्या आधी ठरवणारा माणूस म्हणजे इन्स्ट्रक्शनल डिझायनर. पुण्या-मुंबईच्या ई-लर्निंग कंपन्यांत त्याला नुसतं 'आयडी' म्हणतात. बी.एड.च्या पुस्तकांत 'अनुदेशन' हा शब्द सापडतो, पण तो पुस्तकातच राहिला. मी सतरा वर्षं या कामात आहे. शिक्षक, बचत गटांच्या प्रशिक्षिका, कंपन्यांतले ट्रेनर, आरोग्य खात्यातल्या पर्यवेक्षिका, ज्यांना ज्यांना इतरांना काही शिकवावं लागतं त्या सगळ्यांना यातली निम्मी कौशल्यं तरी रोज लागतात. ती इथे सांगते. ज्यांना हीच नोकरी करायची आहे त्यांच्यासाठी शेवटी थोडं वेगळं लिहिलं आहे.

या विद्येचा उगम थोडक्यात सांगून पुढे जाते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला लाखो सामान्य तरुणांना थोडक्या दिवसांत यंत्रं हाताळायला शिकवायचं होतं. प्रत्येक ठिकाणी चांगला शिक्षक मिळेलच या भरवशावर ते भागण्यासारखं नव्हतं. म्हणून मानसशास्त्रज्ञ या कामात आले. त्यांच्यातले रॉबर्ट गान्ये यांचं 'द कंडिशन्स ऑफ लर्निंग' हे पुस्तक १९६५ साली आलं. १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने अमेरिकी लष्करासाठी जी पद्धत बांधली, ती पुढे 'ॲडी' म्हणून रूढ झाली. विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन अशा तिच्या पाच पायऱ्या. नोकरीच्या मुलाखतीत हे पाच शब्द विचारले जातात, म्हणून सांगितले. प्रत्यक्ष कामात त्या अशा रांगेने येत नाहीत. निर्मिती करताना विश्लेषणातली चूक सापडते आणि मागे जावं लागतं. तशी तयारी ठेवावी.

प्रशिक्षण हवंच आहे का?

एका पतसंस्थेने आम्हाला बोलावलं होतं. ठेवीच्या अर्जांत वारसाची नोंद वारंवार कोरी राहत होती. कर्मचाऱ्यांना दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या, अशी मागणी. पैसे मंजूर झालेले, सभागृहही ठरलेलं. मी आधी एक सकाळ काउंटरच्या आतल्या बाजूला बसायची परवानगी मागितली. तासाभरात कारण दिसलं. वारसाचा रकाना अर्जाच्या मागच्या पानावर होता आणि सहीची जागा पुढच्या पानाच्या तळाशी. रांग मोठी. ग्राहक सही करून अर्ज आत सरकवायचा आणि पावती घेऊन निघायचा. वारसनोंद का लागते, ती नसेल तर मागे राहिलेल्यांना किती खेपा घालाव्या लागतात, हे प्रत्येक कर्मचारी मला घडाघडा सांगत होता. आम्ही रकाना पुढच्या पानावर, सहीच्या वर आणायला सांगितला आणि ते काम सोडलं. सोडायलाच हवं होतं. ज्या गोष्टी लोकांना आधीच येतात, त्या पुन्हा शिकवायला त्यांचे दोन दिवस घेणं हा त्यांचा अपमान आहे.

रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० साली यासाठी एक साधी कसोटी सुचवली होती. जिवावर बेतलं तर हा माणूस हे काम करू शकेल का? करू शकत असेल, तर त्याला शिकवून उपयोग नाही. मग अडचण दुसरीकडे असते. अर्ज चुकीचा असतो, हत्यार बोथट असतं, वेळ कमी असतो, किंवा नीट काम केल्याने त्याच्याच डोक्यावर आणखी काम पडतं. 'आमच्या लोकांना ट्रेनिंग द्या' असं कुणी म्हणालं, की लगेच वही उघडून विषयांची यादी करू नका. काम जिथे चालतं तिथे जाऊन बसा. हे काम इथे नीट करणारं कुणी आहे का, ते विचारा. असलं, तर त्याच्या आणि इतरांच्या करण्यात काय फरक आहे ते बघा. हा फरक सापडला, की पुढच्या अभ्यासक्रमाचा बराचसा भाग आपोआप ठरतो.

'समजेल' हा शब्द खोडा

आता एक उदाहरण शेवटपर्यंत हाती धरू. बचत गटाच्या सचिवांना हिशेब शिकवायचा आहे. गटांच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्जवाटप आणि परतफेड यांच्यानंतर हिशेबलेखन येतं, आणि माझ्या पाहण्यात गट अडखळतो तो बहुतेक वेळा याच पाचव्या सूत्रावर. यासाठीच्या प्रशिक्षणाच्या आराखड्यात पहिली ओळ सहसा अशी असते: 'सहभागींना हिशेबाचे महत्त्व समजेल.' ही ओळ खोडा. महत्त्व समजलं की नाही हे दिसत नाही, मोजता येत नाही, आणि खरं म्हणजे ते त्यांना आधीपासून समजलेलं असतं.

तिच्या जागी असं लिहा: 'बैठक संपण्याआधी सचिव त्या दिवशीची बचत, कर्जहप्ते, व्याज आणि नवं कर्ज रोजकीर्दीत लिहील आणि पेटीतल्या रोख रकमेशी मेळ घालेल.' कोण, केव्हा, काय करेल आणि बरोबर झालं हे कशावरून कळेल, सगळं त्या एका वाक्यात आलं. मेगर यांनी १९६२ च्या पुस्तकात उद्दिष्ट लिहिण्याची हीच रीत सांगितली. कृती कोणती, कुठल्या परिस्थितीत, आणि किती नीट.

हे व्याकरणाचं काम वाटेल, पण याने सगळं बदलतं. उद्दिष्ट असं लिहिलं की बचत गट चळवळीचा इतिहास, हिशेबाचे प्रकार, दुहेरी नोंदीचं तत्त्व हे दीड तासाचं भाषण आपोआप गळून पडतं. मेळ घालायला ते लागत नाही. आणि जे लागतं पण कुणी शिकवत नाही, ते वर येतं: मेळ बसला नाही तर काय करायचं? पेटीत पन्नास रुपये कमी भरले, बायका घरी जायला उठल्या, कुणाकडे बघायचं? सचिव घाबरते ती इथे. मग ती खिशातले पन्नास घालते किंवा नोंद खोडते. शिकवायचं ते हेच.

शब्दांचंही इथेच ठरवावं. गटातल्या बायका 'कॅशबुक' म्हणत असतील तर तुम्ही 'रोजकीर्द' म्हणायचा हट्ट धरू नका, आणि त्या 'रोजकीर्द' म्हणत असतील तर कॅशबुक आणू नका. वहीच्या वरच्या बाजूला छापलेला शब्द आणि तोंडातला शब्द वेगळा असेल, तर दोन्ही एकदा शेजारी शेजारी लिहून दाखवा.

जाणकाराशेजारी बसताना

विषय जाणणारा माणूस आणि विषय शिकवू शकणारा माणूस यांत अंतर असतं, आणि त्यात त्या जाणकाराचा दोष नसतो. आईला विचारून बघा, भाकरी कशी करायची? 'पीठ मळायचं, थापायची, भाजायची.' तिच्या दृष्टीने उत्तर पूर्ण आहे. आता तिच्याशेजारी बसा आणि हात बघा. पीठ ताजं की जुनं हे ती बोटांनी चाचपते. जुनं वाटलं तर आधणाचं पाणी घेते. तळहाताच्या टाचेने पीठ रगडून रगडून मळते. थापताना हातापेक्षा भाकरीच फिरते. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवते, तिच्यावर पाण्याचा हात फिरवते, आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत भाकरी उलटते. यातलं काहीही तिने सांगितलं नव्हतं. लपवलंही नव्हतं. तिच्या हातांना ते इतकं सवयीचं झालंय की ते सांगण्यासारखं आहे, हेच तिला जाणवत नाही. नवशिक्याची भाकरी चिरते ती नेमकी या न सांगितलेल्या जागांवर.

इन्स्ट्रक्शनल डिझायनरचं सगळ्यांत नाजूक काम हेच. जाणकाराच्या हातातलं ज्ञान बाहेर काढायचं, आणि तोंडाने तो जे भरमसाट सांगतो त्यातलं बरंचसं बाजूला ठेवायचं, तेही त्याचा मान राखून. 'लोकांना काय काय माहीत असायला हवं?' असं कधीच विचारू नका. या प्रश्नाला दोनशे पानांचं उत्तर येतं. विचारा, 'मागच्या वर्षी कुठली चूक सगळ्यांत महागात पडली?' 'नवा माणूस पहिल्या आठवड्यात कुठे अडतो?' 'बघताक्षणी तुम्हाला कशावरून कळतं की काहीतरी बिघडलंय?' तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना माणूस थांबतो, विचार करतो, कधी हवेत हात हलवून दाखवतो. त्या वेळी तुम्ही गप्प राहा. पंचवीस वर्षांच्या अनुभवातलं सोनं त्या शांततेत बाहेर येतं.

बचत गटाच्या उदाहरणात जाणकार म्हणजे बँकेचा अधिकारी नव्हे. पंधरा वर्षं गट चालवणारी, चौथी शिकलेली, पण जिची वही कधी चुकत नाही अशी एखादी सचिव. तिच्याकडे जा. ती म्हणेल, 'मी पैसे हातात घेतल्याशिवाय लिहीतच नाही.' प्रशिक्षणाचा पहिला नियम मिळाला.

डोक्यात किती मावतं आणि बाहेर किती ठेवावं

नवी माहिती माणूस एका वेळी फारच थोडी हाताळू शकतो. जॉर्ज मिलर यांनी १९५६ च्या निबंधात सातच्या आगेमागे असा आकडा मांडला. नंतरच्या संशोधनाने तो चारच्या आसपास आणला. जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकापासून या मर्यादेवरून शिकवण्याचे ठोस नियम काढले. त्यांतले दोन तुम्ही उद्याच वापरू शकता. पडद्यावर परिच्छेद दाखवून तोच वाचून दाखवू नका. माणूस तुमच्यापेक्षा लवकर वाचतो, मग तुमचा आवाज त्याला अडथळा होतो, आणि शेवटी वाचणं आणि ऐकणं दोन्ही अर्धवट राहतं. आणि चित्र एका पानावर, त्याचं वर्णन दुसऱ्या पानावर, असं छापू नका. पानं उलटण्यातच डोकं खर्च होतं. भागाचं नाव चित्रातल्या भागाजवळच लिहा.

याहून मोठा प्रश्न असा: हे सगळं डोक्यात ठेवायची गरज आहे का? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेपुढे प्रश्न होता की अक्षरओळख नसलेल्या दाईने बाळाचा न्यूमोनिया ओळखायचा कसा. बाळ एका मिनिटात किती वेळा श्वास घेतं हे मोजावं लागतं. दोन महिन्यांखालच्या बाळात साठ आणि त्याहून मोठ्या तान्ह्या बाळात पन्नास किंवा जास्त श्वास झाले, तर ती धोक्याची खूण. इथपर्यंत आकडे मोजायला दाईला शिकवत बसायचं, तर महिने गेले असते. त्यांनी एक साधं साधन केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ओळीच्या शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता येणाऱ्या बाईला हे जमतं. आकड्यांचं ओझं मण्यांनी उचललं आणि दाईचं सगळं लक्ष बाळाच्या छातीवर राहिलं.

माझ्या मते इन्स्ट्रक्शनल डिझायनरची परीक्षा इथे होते. मोठा अभ्यासक्रम रचणं एक वेळ सोपं आहे. तो लागणारच नाही असा लाल मणी शोधणं अवघड आहे, आणि त्याचं श्रेयही फारसं मिळत नाही. आपल्या सचिवेसाठी तो मणी म्हणजे वहीच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेलं एक पान असू शकतं: नीट भरलेल्या एका बैठकीचा नमुना, आणि खाली मेळ बसला नाही तर करायच्या तीन गोष्टी.

हात चालू द्या

साधन दिलं तरी सराव लागतोच. त्याचा क्रम सांभाळा. सुरुवातीला पूर्ण भरलेली नोंद द्या आणि तिच्यात दडवलेल्या दोन चुका शोधायला सांगा. चूक शोधणं चूक टाळण्यापेक्षा सोपं असतं, आणि हुरूप येतो. मग अर्धी भरलेली नोंद. मग कोरं पान आणि एक जिवंत प्रसंग: दहा जणींची प्रत्येकी दोनशे रुपये बचत, दोघींचे हप्ते, एकीला नवं कर्ज, आणि एक जण दोनशेऐवजी शंभरच घेऊन आलेली. नाटकातल्या खोट्या नोटा घ्या, पेटी घ्या, बायकांना गोल बसवा आणि बैठक खरोखर भरवा. कागदावरची बेरीज जमणारी सचिव पाच जणी एकदम बोलायला लागल्या की गोंधळते. सरावात तो गोंगाट असायलाच हवा.

पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून बघण्याने जास्त टिकतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. प्रशिक्षणाच्या संध्याकाळी सगळं छान जमलंय असं आपल्याला वाटतं आणि महिन्याने काहीच उरत नाही, त्याचं एक कारण हेच. म्हणून सलग एक दिवस मिळत असेल तर तो तोडून दोन अर्धे दिवस मागा, मधे एका बैठकीचं अंतर ठेवा, आणि दुसऱ्या दिवसाची सुरुवात वही बंद ठेवून प्रश्नांनी करा. संयोजक कुरकुरतील, प्रवासखर्च दुप्पट होतो म्हणतील. इथे अडून बसा. ज्या गोष्टींवर माघार घेतल्याचा मला पश्चात्ताप आहे, त्यांत ही पहिली.

शिक्षक समोर नसेल तर हे सगळं छापील पानाला करावं लागतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं, पहिले कुलगुरू राम ताकवले. शेतात किंवा नोकरीवर असणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तिथे स्वयं-अध्ययनाची पुस्तकं तयार होऊ लागली. आरंभी उद्दिष्टं, मधे थांबवून विचारलेले प्रश्न, आणि स्वतःचं उत्तर ताडून बघण्याची सोय. मराठीत इन्स्ट्रक्शनल डिझाइन शिकायचं असेल तर अशी एखादी जुनी पुस्तिका मिळवा आणि ती कुठे थांबवते, कुठे विचारते, एवढंच बघत वाचा.

आलं, पण केलं का?

प्रशिक्षण संपताना आपण अभिप्रायाचा कागद वाटतो. वक्ते कसे वाटले, जेवण कसं होतं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली मूल्यमापनाचे जे चार थर मांडले त्यांतला हा सर्वांत वरवरचा. त्याखाली शिकले का, त्याखाली कामावर गेल्यावर तसं वागले का, आणि तळाशी त्याने काही फळ मिळालं का. आपण बहुतेक पहिल्या थरावर थांबतो.

ब्रॅकची गोष्ट इथे पुन्हा घेते, कारण तिचा खरा धडा या ठिकाणी आहे. आयांना मुद्दे पाठ होते. द्रावण बरोबर जमत होतं. पण प्रत्यक्ष बाळाला जुलाब झाल्यावर फारच थोड्या आया ते देत होत्या. दुसरी एखादी संस्था 'आम्ही शिकवलं, आता त्यांची मर्जी' म्हणून मोकळी झाली असती. यांनी शोध घेतला. त्यात कळलं की शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांचाच त्या द्रावणावर पुरता विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्यांतल्या कित्येक जणी गोळ्या घेत होत्या. शिवाय घरातल्या पुरुषांना या प्रकाराची गंधवार्ता नव्हती आणि औषधाचा निर्णय त्यांच्या हाती होता. मग कार्यकर्त्यांना द्रावण शरीरात काय करतं हे नीट समजावून देण्यात आलं, पुरुषांशी वेगळ्या बैठका सुरू झाल्या, आणि वापर वाढत गेला. तिसऱ्या थरावर जाऊन पाहिलं नसतं, तर हे कधीच कळलं नसतं.

तुम्हाला प्रयोगशाळा नको. प्रशिक्षणानंतर दोन महिन्यांनी पाच सचिवांकडे जा आणि मागच्या बैठकीची वही उघडायला सांगा. एवढ्याने पुष्कळ कळेल.

या कामात यायचं असेल तर

ठरावीक पदवी लागत नाही. शिक्षक, पत्रकार, भाषांतरकार, परिचारिका, अभियंते, सगळे इथे येतात. वर्गात उभं राहिलेल्या माणसाचा मला जास्त भरवसा वाटतो, कारण शिकणाऱ्याचा चेहरा कधी कोरा होतो हे त्याने पाहिलेलं असतं. डी.एड., बी.एड. होऊन नोकरीची वाट बघणाऱ्यांनी या क्षेत्राचा जरूर विचार करावा. साधं, नेमकं लिहिता येणं ही पहिली अट. मराठीत आणि इंग्रजीतही, कारण कंपन्यांतलं बरंच काम इंग्रजीत चालतं.

सुरुवात सॉफ्टवेअरने करू नका. आर्टिक्युलेट स्टोरीलाइन, कॅप्टिव्हेट ही साधनं महिन्याभरात हाताखाली येतात. सरावासाठी मूडल आणि एच-फाइव्ह-पी फुकट उपलब्ध आहेत. आधी स्टोरीबोर्ड लिहायला शिका. कागदावर चार रकाने आखा: पडद्यावर काय दिसेल, काय ऐकू येईल, शिकणारा काय करेल, आणि तो चुकला तर त्याला काय उत्तर मिळेल. चौथा रकाना मन लावून भरा. 'चूक, पुन्हा प्रयत्न करा' एवढंच लिहिणारा अजून शिकणाऱ्याच्या जागी बसलेला नाही. तो का चुकला हे ओळखून लिहिलेलं एक वाक्य दहा ॲनिमेशनांपेक्षा मोलाचं असतं. मुलाखतीत पुष्कळदा एखादा रटाळ दस्तऐवज हाती देतात आणि त्याचा स्टोरीबोर्ड करायला सांगतात. त्यात काय गाळलंत आणि का, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आता अभ्यासक्रमाचा मजकूर काही मिनिटांत लिहून देतात. नव्या मुलामुलींना त्याची धास्ती वाटते, ती मला समजते. पण पतसंस्थेच्या काउंटरमागे सकाळभर कुणीतरी बसावं लागतं, आणि अनुभवी सचिवेच्या ओसरीवर चहा घेत तिची वही कुणीतरी बघावी लागते. तिथे मिळालेलं कुठल्याही दस्तऐवजात नसतं, म्हणून यंत्राकडेही नसतं. आपला जास्तीत जास्त वेळ तिथे घालवा.

नमुन्यादाखल काम कुठून आणायचं, असं मला नेहमी विचारलं जातं. तुमच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर ते आहे. एखाद्या गटाची वही, सोसायटीच्या वॉचमनला जमत नसलेलं पंपाचं वेळापत्रक, आजोबांना जमत नसलेला मोबाइलवरचा वीजबिल भरणा. येत्या रविवारी यातलं एक काम निवडा आणि ते न येणाऱ्या एका माणसाशेजारी अर्धा तास बसा. त्याला करू द्या. मधे बोलू नका, हात पुढे करू नका. तो कुठे थांबला, कुठे चुकीच्या ठिकाणी बोट गेलं, काय पुटपुटला, ते तारीख घालून वहीत लिहून ठेवा.